भगदाडाचा फोटो

‘एचएमएस केली’ या ब्रिटिश विनाशिकेचे दोन फोटो दुसऱ्या महायुद्धावरच्या पुस्तकांत पुन्हा पुन्हा भेटतात. पहिला भर समुद्रातला. बोट एका कुशीवर कलंडली आहे, डेक पाण्याच्या इतका जवळ आलाय की पुढची लाट वर चढेल असं वाटतं. तरी ती तरंगते आहे. दुसरा सुक्या गोदीतला. पाणी उपसून काढलंय, बोट ठोकळ्यांवर बसवलीय आणि तिच्या कुशीत भलंमोठं भगदाड आहे. पोलादी पत्रे दुमडलेत, नळ लोंबकळतायत, आणि आत नुसता काळोख.

हा दुसरा फोटो जिथला, त्या हेबर्न गावाच्या आसपास मी बरीच वर्षं डॉक्टरकी केली. इंग्लंडच्या ईशान्येला टाइन नदीच्या दक्षिण काठावरचं हे गाव. मी तिथे गेले ते ऐंशीच्या दशकात. १९४० साली गोदीत शिकाऊ म्हणून लागलेली मुलं तेव्हा साठीला आली होती. त्यांच्या तक्रारी ठरलेल्या. कुणाच्या छातीत ॲस्बेस्टॉसची धूळ साठलेली, कारण बॉयलर आणि वाफेचे नळ ॲस्बेस्टॉसनं मढवलेले असत आणि बोटीच्या पोटात ती धूळ सगळ्यांच्याच नाकातोंडात जाई. कुणाची बोटं वाकडी. आणि कान तर जवळजवळ सगळ्यांचेच गेलेले. पोलादी पोकळीत दिवसभर रिव्हेट ठोकल्यावर कान राहणार कसे? घरी भेटीला गेलं की मला ओरडून बोलावं लागे, आणि ते माझ्या ओठांकडे बघत उत्तर देत. मला ते ‘पेट’ म्हणत. टाइनकाठची वडीलधारी माणसं लेकीसुनांना अशीच हाक मारतात.

पुढे लिहिते आहे त्यातला इतिहासाचा सांगाडा पुस्तकांत कुणालाही सापडेल. त्यावरचं मांस या म्हाताऱ्या माणसांचं आहे.

‘केली’ हेबर्नचीच लेक. हॉथॉर्न लेस्ली कंपनीच्या गोदीत ती बांधली गेली आणि ऑक्टोबर १९३८मध्ये पाण्यात उतरली. तेव्हा त्या गावांची अवस्था काय होती हे ध्यानात घेतलं पाहिजे. शेजारचं जॅरो गाव पामर कंपनीची गोदी बंद पडल्यानं उघड्यावर आलं होतं. १९३६च्या ऑक्टोबरात तिथून दोनशे बेकार माणसं काम मागण्यासाठी लंडनपर्यंत चालत गेली होती. अशा दिवसांत एका विनाशिकेचं काम मिळणं म्हणजे शेकडो घरांत चूल पेटणं. साडेतीनशे फुटांहून थोडी लांब, सतराशे टनांच्या आसपास, ताशी छत्तीस सागरी मैल पळणारी ही बोट युद्धाच्या तोंडावर, ऑगस्ट १९३९मध्ये नौदलाच्या ताब्यात गेली. कप्तान होते लॉर्ड लुई माउंटबॅटन. हो, तेच. आपल्या शाळेच्या पुस्तकात शेवटचे व्हाइसरॉय म्हणून ज्यांचा पांढऱ्या गणवेशातला फोटो असायचा.

डिसेंबर १९३९मध्ये टाइनच्या मुखाबाहेर एका टँकरच्या मदतीला जाताना ‘केली’ सुरुंगावर गेली आणि दुरुस्तीला घरी आली. पुढे मार्चमध्ये बर्फाच्या वादळात स्वतःच्याच नौदलाच्या ‘गुरखा’ या विनाशिकेला थडकली. आणि ९ मे १९४०च्या रात्री उत्तर समुद्रात धुक्यातून आलेल्या एस-३१ या जर्मन टॉर्पेडो-बोटीनं सोडलेला टॉर्पेडो तिच्या पुढच्या बॉयलरखोलीत फुटला. सत्तावीस माणसं गेली. बोट कलंडली, पण बुडाली नाही. ‘बुलडॉग’ या विनाशिकेनं दोर टाकून तिला ओढायला घेतलं. त्याच रात्री धुक्यातून एस-३३ नावाची दुसरी जर्मन बोट भरधाव आली, ‘बुलडॉग’ला घासून ‘केली’वर आपटली आणि पुढे निघून गेली. दिवस उजाडल्यावर विमानं आली. वजन कमी करायला बोटीवरचे टॉर्पेडो, पाणसुरुंग, होड्या, हलवता येईल ते सगळं समुद्रात टाकलं. जखमींना आणि बहुतेक खलाशांना दुसऱ्या विनाशिकांवर चढवलं. मोजकी माणसं मागे राहिली. पहिल्या फोटोत डेक एवढा रिकामा का वाटतो, त्याचं कारण हे.

(जाता जाता एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. याच ‘बुलडॉग’नं बरोबर एका वर्षानं, ९ मे १९४१ रोजी, अटलांटिकमध्ये यू-११० ही जर्मन पाणबुडी पकडली आणि तिच्यातून एनिग्मा हे गुप्तलेखनाचं यंत्र हाती लागलं. त्या वेळी मात्र त्याचा गवगवा होऊ दिला नाही.)

नव्वद तासांहून अधिक काळ ‘केली’ दोराच्या टोकाला होती. तेवढ्या वेळात जग बदललं. १० मेला जर्मन फौजा हॉलंड, बेल्जियममध्ये घुसल्या, त्याच संध्याकाळी चर्चिल पंतप्रधान झाले. १३ मेला ते पंतप्रधान म्हणून संसदेत पहिल्यांदा बोलायला उभे राहिले, आणि त्याच दिवशी टग-बोटींनी ‘केली’ला टाइन नदीत आणलं.

ती नदीत शिरली तेव्हाची गोष्ट मला एका आजीबाईंनी सांगितली. त्या तेव्हा बारा-तेरा वर्षांच्या. घर नदीच्या उतारावर, आई धुणं वाळत घालत होती. आधी पलीकडच्या काठावरच्या गोद्यांतून आरडाओरडा ऐकू आला. आईनं हातातली चादर तशीच तारेवर टाकली आणि दोघी कठड्याशी गेल्या. अलीकडच्या-पलीकडच्या गोद्यांतली माणसं हातातलं काम टाकून काठावर आली होती, टोप्या हलवत होती, ओरडत होती. बोट जवळ आली तसा तो आवाज हळूहळू बसत गेला, कारण आता भगदाड दिसू लागलं होतं. ‘आत अजून माणसं आहेत,’ असं कुणीतरी म्हणालं. आजीबाई म्हणाल्या, ‘आई घरात गेली आणि तिनं पडदे ओढून घेतले. आमच्याकडे शेजारी कुणी गेलं की तसं करतात.’

आजीबाईंच्या मोठ्या भावाकडे कोडॅकचा बॉक्स ब्राउनी कॅमेरा होता. फोटो का नाही काढला, असं मी विचारलं तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. सप्टेंबर १९३९मध्येच सरकारनं फोटोग्राफीवर नियंत्रण आणणारा हुकूम काढला होता: बंदर, गोदी, युद्धनौका, लष्करी जागा यांचा फोटो परवान्याशिवाय काढायचा नाही. नदीकाठी जन्मून नदीचाच फोटो काढायला बंदी. बंदीपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे काठावरच्या कुणाच्या तसं मनातही आलं नसतं. मोडलेल्या बोटीचा फोटो शत्रूच्या हाती लागला तर त्याच्या टॉर्पेडोनं नेमकं काय केलं हे त्याला घरबसल्या कळणार, हे शाळकरी पोरांनाही पढवलेलं होतं.

त्यामुळे अशा बोटींचे जे फोटो आज आपण पाहतो ते नौदलाच्या नजरेतून गाळून आलेले आहेत. ब्रिटिश नौदलाचा हा अधिकृत संग्रह आता लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. वर्तमानपत्राच्या वाचकाला दाखवायचे ते फोटो वेगळे आणि बोटी बांधणाऱ्यांनी अभ्यासायचे ते वेगळे. वाचकासाठी तरंगणारी बोट, दोर, शाबूत झेंडा. बांधणाऱ्यांसाठी सुक्या गोदीतलं भगदाड, समोरून, बाजूनं, जवळून, जमल्यास शेजारी एखादा माणूस उभा करून, म्हणजे आकार कळावा. दुसऱ्या प्रकारच्या फोटोत देखणेपणाचा प्रश्नच नसतो. मला मात्र तेच जास्त मोलाचे वाटतात. पहिल्या प्रकारचा फोटो धीर देण्यासाठी काढलेला असतो, आणि धीर देणाऱ्या चित्रातून बरंच काही वगळावं लागतं.

अशा फोटोचं वाचन कसं करायचं हे मला एका जुन्या प्लेटरनं शिकवलं. प्लेटर म्हणजे बोटीचे पत्रे कापून, वाकवून जागेवर बसवणारा कारागीर. ‘केली’ आली तेव्हा तो सोळा वर्षांचा शिकाऊ पोरगा होता. म्युझियमकडून मागवलेली फोटोची एक प्रत त्याच्या दिवाणखान्यात गॅसच्या शेगडीवर फ्रेममध्ये लावलेली होती. मी रक्तदाब मोजत होते आणि तो दुसऱ्या हातानं फ्रेम काढून मांडीवर घेत होता. नखानं त्यानं मला भगदाडाची कड दाखवली. पत्रा फाटला होता तो कुठेही, कसाही नाही. बऱ्याच ठिकाणी तो रिव्हेटच्या भोकांच्या ओळीनं फाटला होता, आणि त्या भोकांच्या अर्ध्या चकत्या कडेला तशाच राहिल्या होत्या. ‘ही ओळ बघ. इथे रिव्हेट तुटलेत. इथे रिव्हेट टिकलाय आणि पत्राच फाटलाय. म्हणजे हा रिव्हेट नीट बसवला होता.’ त्याचं नख त्या एका ठिपक्यावर बराच वेळ थांबलं. चाळीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी नीट बसवलेल्या एका रिव्हेटचं कौतुक त्याच्या चेहऱ्यावर होतं, आणि मला ते कळावं अशी त्याची इच्छा होती.

मग त्यानं फोटोबाहेरचं सांगायला सुरुवात केली. गोदीचं पाणी उपसलं त्या दिवशी शिकाऊ पोरांना तिथे फिरकू दिलं नाही. मोठी माणसं खाली उतरली. बॉयलरखोलीत अडकलेले देह बाहेर काढेपर्यंत कुणी हातोडा उचलला नाही. नंतर पोरांना खाली पाठवलं तेव्हा जळक्या तेलाचा वास होता, आणि गोदीच्या तळाशी, भिंतींवर, शिडीच्या प्रत्येक पायरीवर काळं तेल. पहिलं काम बादल्यांचं. मग फाटलेलं सगळं कापून काढायचं, चांगल्या पत्र्याला हात लागेपर्यंत. ‘डॉक्टर करतात तसंच,’ तो म्हणाला आणि माझ्याकडे बघून हसला.

मृतांना हेबर्नच्याच दफनभूमीत पुरलं. ज्या गावानं बोट बांधली त्याच गावानं बोटीवरची अनोळखी पोरं आपल्या मातीत घेतली. बोटीवरचे सोबती आणि हॉथॉर्न लेस्लीचे कामगार यांनी मिळून तिथे स्मारक उभं केलं. मी पाहिलं आहे. तिथे उभं राहिलं की एक गोष्ट जाणवते: त्यात गोदीतल्या कामगारांच्या खिशातले पैसे गेलेले आहेत, आणि जॅरोचा मोर्चा निघून तेव्हा फार वर्षं झाली नव्हती.

‘केली’ बुडाली का नाही, हा प्रश्न अभियंत्यांना पडला होता, आणि सुक्या गोदीतल्या फोटोंचं खरं काम तिथे सुरू होतं. या जातीच्या विनाशिकांचा आराखडा ए. पी. कोल यांचा. तोवर विनाशिकांच्या फासळ्या बहुतांशी आडव्या, जवळजवळ बसवलेल्या असत. कोल यांनी लांबीच्या दिशेनं जाणाऱ्या पट्ट्यांवर भर दिला. बांधायला ते जास्त किचकट, म्हणून गोद्यांचे मालक कुरकुरले. पण ‘केली’चं पोट फाटूनही कणा मोडला नाही. नोव्हेंबर १९४०च्या अखेरीला तिचीच बहीण ‘जॅव्हलिन’ हिला दोन टॉर्पेडो लागले. नाळ गेली, मागचा भाग गेला, साडेतीनशे फुटांपैकी जेमतेम दीडशे फुटांचा मधला तुकडा उरला, आणि तो तुकडा तरंगत बंदरात आला. तिचेही फोटो आहेत. पाहिल्यावर ही बोट आहे हे पटायला वेळ लागतो. त्याआधी एप्रिलमध्ये नॉर्वेच्या नार्विकला ‘एस्किमो’ या विनाशिकेची नाळ टॉर्पेडोनं उडाली होती. तिच्या पुढच्या तोफेखालून पत्रे पाण्यात लोंबतायत असा फोटो आहे. तीही वाचली.

या आराखड्याची दुबळी बाजूही फोटोंनीच दाखवली. ‘केली’च्या दोन्ही बॉयलरखोल्या लागून होत्या. एक फुटली की दुसरीची खात्री नाही, आणि वाफ गेली की बोट मुकी. अमेरिकनांनी त्याच सुमारास वेगळी रचना केली होती: बॉयलर, इंजिन, पुन्हा बॉयलर, पुन्हा इंजिन अशी एकाआड एक. १७ ऑक्टोबर १९४१ला, अमेरिका अजून युद्धात उतरलेलीही नसताना, ‘कर्नी’ या विनाशिकेला यू-५६८चा टॉर्पेडो लागला. तोही पुढच्या बॉयलरखोलीत. अकरा जण गेले. पण मागचा संच चालू राहिला आणि ‘कर्नी’ स्वतःच्या ताकदीवर आइसलंडला पोचली. तिथे ‘मॉन्सन’ या बोटीला खेटून उभ्या असलेल्या ‘कर्नी’चा फोटो प्रसिद्ध आहे, वरचा डेक फाटून उलगडलेला आणि खाली पाण्यापर्यंत चिरफाळलेली कूस. दोन देशांच्या दोन बोटी, जखम जवळजवळ एकाच जागी. एक नव्वद तास दोराला, दुसरी स्वतःच्या पायावर. हे दोन फोटो शेजारी ठेवून पाहावेत असं मी सुचवेन. आराखड्यातल्या एका निर्णयानं किती माणसं वाचतात ते तिथे डोळ्यांनी दिसतं.

‘केली’ दुरुस्त व्हायला डिसेंबर उजाडला. प्लेटरबुवांच्या आयुष्यातलं ते पहिलं मोठं काम. बोट पुन्हा नदीतून बाहेर पडली तेव्हा भगदाडाच्या जागी रंगवलेला सपाट पत्रा होता. त्या पत्र्याचा फोटो शेगडीवर नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, ‘त्यात दिसणार काय? चांगली दुरुस्ती दिसतच नाही.’

पुढच्या मेमध्ये ती संपली. २३ मे १९४१ रोजी क्रीटच्या दक्षिणेला जर्मन स्टुका विमानांनी ‘काश्मीर’ आणि ‘केली’ या दोन्ही विनाशिका बुडवल्या. ‘केली’ पूर्ण वेगात असतानाच उलटली. सव्वाशेहून अधिक माणसं गेली. ‘किपलिंग’ या तिसऱ्या बहिणीनं बाँब चुकवत पावणेतीनशेच्या वर माणसं पाण्यातून उचलली, त्यात माउंटबॅटनही होते. हेबर्नमध्ये बातमी आली तेव्हा गोदीत दुसऱ्याच बोटीचं काम चालू होतं. प्लेटरबुवांच्या उस्तादानं हातोडा खाली ठेवला, एक सिगारेट संपेपर्यंत बसून राहिला आणि मग उठला. याहून जास्त काही झालं नाही, असं ते म्हणाले.

लोकांच्या मनातली ‘केली’ मात्र पुढे सिनेमात गेली. नोएल कोवर्ड माउंटबॅटनचे मित्र. त्यांनी डेव्हिड लीनबरोबर १९४२मध्ये ‘इन विच वुई सर्व्ह’ काढला. बोटीचं नाव बदललं, गोष्ट बरीचशी ‘केली’चीच. त्यात एक कोवळा स्टोकर भीतीनं आपली जागा सोडून पळतो, आणि कप्तान त्याला शिक्षा करण्याऐवजी दोष स्वतःकडे घेतो. हा प्रसंगही ‘केली’वरच्या हकिकतीतून आलेला. ती छोटी भूमिका करणारा पोरगा रिचर्ड ॲटनबरो, त्याचा हा पहिला सिनेमा. पुढे साठच्या दशकात गांधीजींवर चित्रपट काढायचं त्यांच्या मनात आलं तेव्हा नेहरूंपर्यंत पोचायला त्यांना माउंटबॅटन यांचीच मदत झाली. ‘गांधी’ १९८२ साली आला आणि त्यात कस्तुरबा झाल्या आपल्या पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी. हेबर्नच्या आजीबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांनी दोन्ही सिनेमे पाहिले होते, ‘गांधी’ तर नवऱ्याबरोबर थिएटरात.

आता माझ्या घरची गोष्ट.

आईचे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, गुहागरकडचे. माझगावच्या चाळीत राहत आणि मुंबईच्या गोदीत रिव्हेटचं काम करत. हेबर्नच्या म्हाताऱ्यांसारखेच अण्णाही बहिरे होते. आमच्या घरात सगळे मोठ्यानं बोलत, आणि ती सवय मला टाइनकाठी उपयोगी पडली. लहानपणी अण्णा आम्हाला ‘पाठ नसलेल्या बोटी’ची गोष्ट सांगत. लढाईतून आलेली इंग्रजांची मोठी बोट, मागचा सगळा भाग उडालेला, आणि तशीच समुद्र ओलांडून मुंबईला आलेली. आम्हाला ती राक्षसाच्या गोष्टींइतकीच खरी वाटे. बोटीचं नाव ते ‘नुब्यान’ असं सांगत.

‘एचएमएस नुबियन’ ही ट्रायबल जातीची विनाशिका. २६ मे १९४१ रोजी, म्हणजे ‘केली’ बुडाल्यानंतर तिसऱ्या दिवशी, त्याच क्रीटच्या लढाईत ‘फॉर्मिडेबल’ या विमानवाहू नौकेसोबत असताना स्टुकांच्या बाँबनं तिचा मागचा भाग उडाला. टॉर्पेडो नाही, बाँब; जखम तीच. ती तशीच अलेक्झांड्रियाला पोचली, आणि कायमच्या दुरुस्तीसाठी तिला मुंबईला पाठवलं. १९४२चं वर्ष सरत आलं तेव्हा ती पुन्हा लढाईवर जायला तयार झाली. हेबर्नमध्ये मी ‘केली’च्या नादानं पुस्तकं चाळू लागले तेव्हा एका पानावर हे नाव आलं आणि मी उठून आईला मुंबईला फोन लावला.

अण्णा रिव्हेटच्या टोळीचं काम हातवारे करून दाखवत. एक जण भट्टीत रिव्हेट लाल करून चिमट्यानं फेकायचा, दुसरा ते डब्यात झेलून भोकात घालायचा, तिसरा आतल्या बाजूनं जड लोखंड टेकवून अंग रेटून उभा, आणि बाहेरून ठोकणारे अण्णा. रिव्हेट लाल असेपर्यंतच काम; काळा पडला की तो काढून टाकून नवीन. मे महिन्यात मुंबईच्या उन्हात तापलेल्या पत्र्याला पाठ लागली की सोलून निघे. त्यांच्या उजव्या खांद्यावर तसा एक डाग होता, आम्हा मुलांना तो दाखवायला सांगायची सवय.

फोटोचा प्रश्नच नव्हता. फाटकावर येताजाता झडती होई. एप्रिल १९४२मध्ये जपानी विमानांनी कोलंबो आणि त्रिंकोमालीवर बाँब टाकले तेव्हा मुंबईतून लोक गावाला पळत होते. आजीलाही अण्णांनी गुहागरला पोचवलं आणि स्वतः परतले. ऑगस्टमध्ये गवालिया टँकला गांधीजींनी ‘छोडो भारत’चा पुकारा केला. त्या गर्दीत अण्णा होते. आणि त्यानंतरही ते इंग्रजांच्या बोटीला नवी पाठ जोडायला हजेरीवर उभे राहत होते. हे कसं जुळवलंत, असं आईनं त्यांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले होते, ‘बोट त्यांची, पण जोड माझा. तो सुटला तर नाव माझं जाणार.’ हे उत्तर मला पुरेसं वाटतं. देशभक्तीच्या तराजूत ते घालून पाहावं असं मला कधी वाटलं नाही. पोटासाठी केलेल्या कामातही माणूस आपली इज्जत ओततो, आणि ते काम कुणाचं म्हणून कमअस्सल होत नाही.

तो जोड सुटला नाही. ट्रायबल जातीच्या सोळा ब्रिटिश विनाशिकांपैकी बारा युद्धात गेल्या. उरलेल्या चारांत ‘नुबियन’ होती. ‘एस्किमो’ही होती. दोघी मोडून पुन्हा जोडलेल्या.

मुंबईच्या गोदीतला १४ एप्रिल १९४४चा स्फोट सगळ्यांना ठाऊक आहे. ‘फोर्ट स्टिकिन’ बोट फुटली, धुराचे लोट उठले, त्याचे फोटो आहेत, दरवर्षी त्या दिवशी आठवणी छापून येतात, आणि यायलाच हव्यात. पण मोडण्याचा फोटो निघतो तसा जोडण्याचा सहसा निघत नाही. निघाला तरी त्यात बघण्यासारखं काही नसतं, प्लेटरबुवा म्हणाले ते खरं आहे. म्हणून जोडण्याची आठवण माणसांच्या तोंडीच राहते, आणि ती माणसं आता राहिलेली नाहीत. प्लेटरबुवा गेले, आजीबाई गेल्या. अण्णा तर मी शाळेत असतानाच गेले. हेबर्नची गोदी मी तिथे असताना बंद पडली.

हेबर्नच्या लोकांनी आपली आठवण निदान दगडावर कोरून ठेवली. १९४१-४२मध्ये मुंबईत ‘नुबियन’ला नवी पाठ जोडणाऱ्या कामगारांची नावं कोकणातल्या, माझगाव-डोंगरीतल्या, परळ-लालबागच्या घरांतच कुठेतरी असतील: एखाद्या हजेरीच्या बिल्ल्यावर, पेन्शनच्या कागदावर, नातवाला सांगितलेल्या अर्ध्यामुर्ध्या गोष्टीत. वाचकांपैकी कुणाचे आजोबा-पणजोबा तेव्हा गोदीत असतील तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा. बोटीचं नाव चुकीचं सांगितलं तरी जसं सांगितलं तसंच लिहून ठेवा. आणि तो कागद कुटुंबातच न ठेवता एखाद्या ग्रंथालयात किंवा संग्रहालयात द्या.